स्पिरिटचा बोळा

"मॅडम, आम्ही तुमचं बघूनच लिहिलं," ती मुलगी उभी राहून म्हणाली, आणि फळ्याकडे गेलेला माझा हात तसाच वर राहिला. उद्धटपणाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. उद्धट मुलांना गप्प कसं करायचं ते मला चांगलं येतं. पण ही बिचारी मदत करायला म्हणून बोलली. एवढा वेळ मी तोंडाचा पट्टा सोडला होता, की उद्याचे डॉक्टर तुम्ही, बाळंतिणी तुमच्या तोंडाकडे बघत बसणार, आणि तुम्हाला एवढं साधं कळू नये? प्रश्न होताही साधाच. बाळाला पाजण्याआधी आईने दर वेळी स्तन स्पिरिटने पुसावेत का? नाही, पुसू नयेत. कातडी कोरडी पडते, चिरा पडतात, आणि आईचा जो वास हुंगत बाळ जवळ येतं तोच निघून जातो. पुस्तकात आहे, त्यांना शिकवून झालेलं आहे. तरी निम्म्याहून जास्त वर्गाने 'हो, पुसावेत' असं लिहिलं होतं, आणि नेमकं एकाच हॉस्टेलच्या मुलींनी. मी म्हटलं, हा प्रकाश कुणी पाडला? तेव्हा ती उठली. माझ्याच लॅबमध्ये ती दुपारची कामाला येते, हुशार आहे, हात स्थिर आहे. म्हणाली, "तुम्ही मागच्या खोलीत दूध काढायचा पंप लावायच्या आधी पुसता ना. मीच सांगितलं हॉस्टेलवर. मॅडम स्वतः करतात म्हणजे तेच बरोबर असणार." कुणी हसलं नाही. सगळ्या वह्यांमध्ये डोकं घालून बसल्या, आणि मी काहीतरी म्हणाले, काय ते आता आठवत नाही, आणि वर्ग सोडून दिला.

पहिल्यांदा मला वाटलं, ही खोटं बोलतेय. मी? पुसते? मी कशाला पुसेन? जिन्यावरून उतरताना मी मनातल्या मनात मागची खोली उभी केली. रिकाम्या खोक्यांची ती खोली, तिला आतून कडी नाही म्हणून मी दाराला स्टूल लावते, तरी ही मुलगी एकदा खोकं घ्यायला आत आलीच होती. स्टूल लावलं. पंप काढला. नळ्या जोडल्या. मग डावा हात शेल्फकडे जातो, कापसाचा बोळा घेतो, उजवा हात बाटली दाबतो, आणि मग ते गार, झोंबणारं. हो, झोंबतं. किती दिवस झोंबतंय, आणि मी पंपाला शिव्या घालतेय, की मेला जोरात ओढतो. दुकानदाराशी भांडून मी तो बदलूनसुद्धा आणला. नवा पंपही मेला जोरात ओढतो. जिन्याच्या वळणावर मी थांबले आणि घरचा पलंग डोळ्यांपुढे आणला. पलंगाशेजारी स्टूल, स्टुलावर पाण्याचं भांडं, लंगोट, आणि स्पिरिटची बाटली. मीच आणून ठेवलेली. घरात सगळ्यांनी ती पाहिलीय. मी ती पाहिली नव्हती, म्हणजे हाताने पाहिली होती, डोक्याने नाही. कपाळावर हात मारून घ्यायलाही जिना चुकीची जागा होती, वरून मुलं उतरत होती.

मुळात मुलांना स्तनपानाचं काय कळतं याची ही पाहणी माझ्या गळ्यात मारलीच कशाला? मी परजीवींची बाई. माणसाच्या रक्तात मलेरियाचा परजीवी वाढतो कसा, हे बघणं माझं काम. त्याचं लहानपण, त्याचं मोठं होणं, आणि एका वेळी त्याला अचानक वाढायचा कंटाळा येतो आणि तो डासाच्या पोटात जायच्या तयारीला लागतो, तो का लागतो, एवढ्या एका 'का'च्या मागे माझी उमर चाललीय. बाळंतपणाची रजा संपवून आले त्याच दिवशी विभागप्रमुखांनी बोलावलं. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, विद्यार्थ्यांच्या ज्ञानाची एक छोटीशी पाहणी करायची आहे, आणि तुम्ही सध्या त्या विषयात आहातच. 'तो विषय'. आजवर त्यांनी 'स्तनपान' हा शब्द उच्चारलेला नाही. 'तो विषय', 'ते प्रकरण', 'तुमचं ते चाललंय ते'. शरीराच्या आतला एक अवयव बाकी नाही ज्यावर हा माणूस परिषदेत तासभर बोलला नाही, आणि इथे त्यांची जीभ अडते. मी म्हटलं, सर, बालरोग विभागाला सांगा, त्यांचं काम आहे. ते म्हणाले, त्यांना वेळ नाही. म्हणजे वेळ मलाच होता. घरी तीन महिन्यांची मुलगी, लॅबमध्ये उपाशी परजीवी, आणि वेळ म्हणे मला. पण मी हो म्हटलं, कारण रजेवरून आलेल्या बाईने पहिल्या दिवशी नाही म्हणायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं तरी माहीत होतं.

आणि लॅबमध्ये जे वाढून ठेवलं होतं ते वेगळंच. मी रजेवर गेले तेव्हा माझे फ्लास्क ओळीने उभे होते, आत लालभडक रक्त, रक्तात माझी मंडळी गुण्यागोविंदाने नांदत होती. त्यांना रोज खायला घालावं लागतं. रविवार त्यांना कळत नाही, आजारपण कळत नाही, बाळंतपण तर नाहीच नाही. काम सोपवलं होतं एका सहकाऱ्याकडे. भला माणूस, पण गडबड्या. फ्लास्क उघडण्याआधी हातमोजे स्पिरिटने पुसायचे, फ्लास्कचं तोंड पुसायचं, काच पुसायची, पुन्हा हात पुसायचे. त्याने कधीतरी एकदा पुसलं नाही. एकदाच. परत आले तर फ्लास्कमध्ये पांढरट तंतू तरंगत होते, बुरशी. कितीतरी महिन्यांपासून जोपासलेली सगळी पिढी मी माझ्या हाताने ब्लीचमध्ये ओतली. तो शेजारी उभा राहून सॉरी सॉरी म्हणत होता, आणि माझं दूध त्या आवाजाने की रागाने की कशाने कोण जाणे ब्लाउजमध्ये पाझरत होतं. त्या दिवसापासून मी फ्रीजरमधल्या साठ्यातून पुन्हा सुरुवात केली, आणि त्या दिवसापासून माझे हात पुसत सुटले. आधी फ्लास्कसाठी. मग दाराच्या मुठीसाठी, फोनसाठी, पेनासाठी. पुढे कुठे कुठे गेले ते आज त्या मुलीने भर वर्गात सांगितलं.

खरं बोलायचं म्हणून मी तशीच विभागप्रमुखांकडे गेले. म्हटलं, सर, पाहणीत घोटाळा आहे, त्या एका प्रश्नाचं उत्तर मुलींनी माझ्याकडून उचललंय, माझ्या चुकीच्या सवयीवरून. हे सांगताना माझे कान तापले होते. त्यांनी चष्मा काढला, टेबलाकडे बघितलं, आणि म्हणाले, "मग तो प्रश्नच काढून टाका." झालं. मी दारातच उभी राहिले. मला काय वाटलं होतं, ते रागावतील? विचारतील, की बाई, तुमचं बाळ कसं आहे? मला वाटतं मला कुणीतरी रागवायला हवं होतं. 'तो विषय' एका प्रश्नाने हलका झाला एवढाच त्यांना आनंद. बाहेर आले तर कळलं, मी त्यांच्या दाराची मूठ पदराने धरली होती.

आज लवकर निघायलाच हवं होतं. मुलांच्या डॉक्टरांनी गेल्या वेळी वजनाच्या काट्यावरून नजर न काढता सांगितलं होतं, बाळ वाढत नाहीये, वरचं दूध सुरू करा. मी गयावया केली. मी, जी वर्गात मुलांना घाम फोडते, ती त्या काट्यापुढे गयावया करत होते, की अजून थोडे दिवस द्या. त्यांनी आजपर्यंतचा वेळ दिला. सासूबाईंनी पावडरचा डबा त्याच दिवशी आणून ओट्यावर ठेवला, लेबल माझ्याकडे करून. सकाळी निघताना त्या म्हणाल्या होत्या, संध्याकाळी तू आल्यावर तिने घेतलं तर घेतलं, नाहीतर मी डबा फोडणार, मग तू मला काहीही म्हण. त्यांचं चूक होतं असंही म्हणता येत नव्हतं, आणि हीच तर पंचाईत. पोर बारीक होत चाललं होतं. मांडीवरच्या वळ्या गेल्या होत्या. अंघोळ घालताना तिच्या फासळ्या बोटांना लागायच्या, आणि मी मोठ्याने गाणं म्हणायचे, म्हणजे सासूबाईंना वाटू नये की मला त्या लागल्या.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. शेजारच्या बाईने पिशवी माझ्या पायावर ठेवली आणि काढली नाही. एरवी मी बोलले असते. मुलीला घरात आम्ही बाईसाहेब म्हणतो, कारण जन्मल्या तेव्हाच कपाळाला आठ्या होत्या. सुरुवातीचे दिवस बाईसाहेब अशा तुटून पडायच्या की मला हसू यायचं. डोळे मिटलेले, तोंड उघडं, नाकाने शोधत शोधत यायच्या. मग मी कामावर जायला लागले आणि त्यांनी तोंड फिरवायला सुरुवात केली. भुकेने रडायचं, जवळ घेतलं की नाक मुरडायचं, मान मागे टाकायची, मुठी आवळून मला ढकलायचं. एवढासा जीव, पण ढकलायचा असा, की मी कुणी परकी आहे. तिचा बाप म्हणाला, तू टेन्शन घेतेस म्हणून होतं, रिलॅक्स हो. मग तो ऑफिसातून मला रिलॅक्स कसं व्हायचं याचे व्हिडिओ पाठवायला लागला. एकात एक बाई समुद्राच्या काठी डोळे मिटून बसली होती. मी त्याला लिहिलं, हिला दूध येतं का विचार. त्याने हसणारा चेहरा पाठवला. पंपात येणारं दूध दिवसेंदिवस कमी होत गेलं, आणि मी एकेकाला धरून कारणं शोधत राहिले. पंप वाईट. प्रमुख वाईट. सासूबाई तिला फार वेळ खांद्यावर घेतात म्हणून तिला माझी सवय राहत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. आणि कारण स्टुलावर उभं होतं, निळं झाकण लावून.

सासूबाईंना सुरुवातीपासून एकच भीती होती. ते जंतू घरी आणू नकोस. लॅबमधून आले की त्या मला आधी न्हाणीघर दाखवायच्या. मी त्यांना बसवून, कागदावर चित्रं काढून समजावलं होतं, की आई, हा परजीवी रक्ताबाहेर जगत नाही, तो हवेतून येत नाही, कपड्यांवरून येत नाही, दुधातून तर अजिबात जात नाही, त्याला डास लागतो. त्या म्हणाल्या, बरं. आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी न्हाणीघर. पालथ्या घड्यावर पाणी, मी नवऱ्याला म्हटलं होतं, तुझ्या आईपुढे सगळं विज्ञान फुकट. आता बसमध्ये त्या पिशवीखाली पाय आखडून बसल्यावर मला ते मान्य करावं लागलं, म्हणजे कुणापुढे नाही, आपल्याशीच, की ती भीती त्यांनी बोलून दाखवली आणि मोकळ्या झाल्या. मला ती बोलून दाखवायची सोय नव्हती. मी तज्ज्ञ. मी मलेरियाने तापलेली मुलं पाहिलेली आहेत, वॉर्डात, डोळे वर गेलेली, आणि त्यांच्या रक्तात जे होतं तेच मी रोज फ्लास्कमध्ये अन्न घालून वाढवते, ते जगावं म्हणून जिवाचं रान करते, आणि त्याच हातांनी घरी येऊन मुलीला उचलते. मला माहीत आहे की काही होत नाही. मी परीक्षेला लिहून देईन, की काही होत नाही. पण मला भीती वाटते. फार वाटते. एवढं साधं वाक्य, ते मनात यायला मला बसचे सहा थांबे लागले, आणि उतरायच्या थांब्याच्या पुढे जाऊन मी मागे चालत आले.

रडणं जिन्यातूनच ऐकू आलं. ते तिचं नेहमीचं रागाचं रडणं नव्हतं, बारीक, थकलेलं, मध्येच श्वास घ्यायला थांबणारं. दार उघडंच होतं. सासूबाई तिला खांद्यावर टाकून खोलीत येरझारा घालत होत्या, आणि टेबलावर बाटली भरून तयार होती. डब्याचं झाकण बाजूला पडलेलं. त्या म्हणाल्या, "अजून दिलं नाही मी. तू येईपर्यंत थांबले. आता मात्र मला थांबवू नकोस." त्यांचे केस सुटले होते, आणि डोळे लाल होते. म्हणजे त्या दुपारपासून थांबल्या होत्या, हातात बाटली असून. मी चपला काढल्या, साबणाने हात धुतले, पलंगावर बसले आणि म्हटलं, एकदा द्या इकडे. त्यांनी उशी माझ्या मांडीवर ठेवली आणि बाईसाहेबांना तिच्यावर आडवं केलं. पोर हाताला काही लागत नव्हतं.

आणि माझा हात स्टुलाकडे गेला. सगळं कळून, वर्गात उभं जळून, बसमधून एवढा विचार करून आल्यावर गेला. बोळा घेतला, बाटली दाबणार तेवढ्यात मी थांबले. बोळा खाली टाकला. म्हटलं, आई, ही बाटली इथून घेऊन जा, हिच्यामुळेच ती घेत नाहीये, मी रोज पुसते आणि तिला तो वास नको असतो, म्हणून. सासूबाईंनी बाटली उचलून पलीकडच्या कपाटावर ठेवली. मुलगी रडतच होती. मी ब्लाउजची बटणं काढली आणि तशीच बसून राहिले. बसचा दांडा मी धरला होता. शेजारणीची पिशवी. दुपारचं रक्त. हातमोज्यात होते हात, पुसलेही होते, धुतलेही होते, तरी मला माझ्या कातडीवर सगळं दिसत होतं, छातीवर, बोटांवर, सगळीकडे. वाटलं, निदान पाण्याने तरी धुवून येते. निदान ओल्या फडक्याने. एकदाच. मी मुलीला बाजूला ठेवून उठायला लागले. सासूबाई दारात बाटली घेऊन उभ्या होत्या, पावडरच्या दुधाची, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, की मी आता उठले तर त्या ती पाजणार, आणि त्यांनी पाजावी हेच बरोबर होईल.

"आई," मी म्हटलं, "माझे हात धरा."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं एका घरात राहते, त्यांनी भाजी कशी चिरली यावरून मी आतल्या आत चिडलेली आहे, त्यांनी माझी चित्रं काढलेला कागद औषधाच्या पुड्या बांधायला घेतला तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते. त्या आल्या. बाटली खाली ठेवली. माझ्या शेजारी पलंगावर बसल्या, एका हाताने माझी दोन्ही मनगटं एकत्र धरली, घट्ट, पळून जाणाऱ्या मुलाला धरतात तशी, आणि दुसऱ्या हाताने पोरीचं डोकं उचलून माझ्या छातीशी आणलं. बाईसाहेबांनी सवयीने मान फिरवली. सासूबाईंनी पुन्हा आणलं. तिने पुन्हा फिरवली, रडली, माझे हात सुटायला धडपडले, आणि त्या म्हणाल्या, "हलू नकोस." मी हलले नाही. घामाने मी भिजले होते, दिवसभराचा माझा वास मलाच येत होता. मुलीचं रडणं मध्येच अडलं. तिने नाक पुढे केलं. थांबली. मग नाकाने इकडे तिकडे करत, डोळे मिटून, ती आली आणि तिने असं धरलं की चिरांमधून कळ थेट डोक्यात गेली आणि माझ्या तोंडून शिवी निघाली.

सासूबाईंनी शिवी ऐकली नाही असं दाखवलं. खोलीत फक्त गिळण्याचा आवाज होता. त्यांनी माझी मनगटं सोडली नाहीत, मीही सोडा म्हटलं नाही. माझं नाक वाहत होतं आणि पुसायला हात नव्हता, तेव्हा त्यांनीच पोरीच्या डोक्याखाली गुडघा टेकवून हात मोकळा केला आणि पदराने माझं नाक पुसलं. मग बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, दिवसभराचा सगळा वैताग आवाजात आणून त्या म्हणाल्या, "आणि तू तिथे एवढ्या पोरांना शिकवतेस तरी काय गं?"

"हेच," मी म्हटलं.